उत्तर खणात ठेवले आहे

सरकारी कचेरीत दाखल केलेल्या अर्जाचे उत्तर आपण होऊन अर्जदाराच्या हाती कधी येत नाही, ते अमुक दप्तराच्या अमुक खणात पडून असते आणि तिथून ते हुडकून काढणे ही सर्वस्वी अर्जदाराची जबाबदारी असते, हा जो सनातन नियम, त्याचे सी प्लस प्लस या संगणकभाषेतील टेम्प्लेटइतके निष्ठापूर्वक पालन मी अन्यत्र पाहिलेले नाही. साधे फंक्शन ‘रिटर्न’ म्हणून मूल्य पदरात टाकते आणि मोकळे होते. क्लास टेम्प्लेटला मात्र असला उतावळेपणा ठाऊकच नाही. त्याला पाचाचे फॅक्टोरियल विचारावे, तर ‘व्हॅल्यू’ नामक खणात तो फक्त एक शेरा मारून ठेवतो: पाच गुणिले चाराच्या खणात जे असेल ते. चाराचा खण उघडावा, तर तो तिनाकडे बोट दाखवतो, तीन दोनाकडे, आणि अशा रीतीने प्रकरण शून्यापाशी पोचते. तिथे शून्याच्या नावे स्वतंत्र सनद आगाऊ लिहून ठेवली असेल, तरच 1 हा आकडा मिळून गुणाकार उलट्या वाटेने वर चढतो. ही सगळी यातायात प्रोग्राम चालू होण्यापूर्वी, कंपायलरच्या दरबारातच उरकते. प्रोग्रामला तयार 120 मिळतात, आणि त्यामागील श्रमांची त्याला गंधवार्ताही नसते.

शून्याची सनद नसेल, तर मात्र अर्ज शून्य ओलांडून उणे एक, उणे दोन असा पाताळाकडे निघतो. जीसीसी हा कंपायलर अशा वेळी 900 पायऱ्यांपर्यंत निमूटपणे उतरतो, मग मर्यादा संपल्याचे जाहीर करतो आणि, त्याच्या सौजन्याची कमाल अशी की, मर्यादा वाढवून हवी असल्यास कोणता पर्याय द्यावा, हेही त्याच दमात सांगतो. तळ नसलेल्या विहिरीत बुडणाऱ्यास लांब दोर देऊ करणारा इतका सुसंस्कृत अधिकारी विरळाच.

परंतु या पंथाचे खरे आद्यपुरुष एर्विन उन्रूह. 1994 साली त्यांनी भाषेच्या प्रमाणीकरण समितीपुढे एक प्रोग्राम ठेवला, जो कंपाइलच होत नसे. कंपायलर संतापून एकामागून एक तक्रारी नोंदवी आणि त्या तक्रारींच्या मजकुरातच 2, 3, 5, 7, 11 अशा मूळ संख्या क्रमाने उमटत जात. उत्तर देण्याचे साफ नाकारूनही ते बिनचूक देण्याचा हा चमत्कार आमच्या महसूल खात्यालाही अद्याप साधलेला नाही.

पुढे 2011 च्या प्रमाणात ‘कॉन्स्टएक्सपर’ आले आणि कंपाइलच्या वेळीच हिशेब करून राजरोस रिटर्न करण्याची मुभा फंक्शनला मिळाली. समितीचा हात मात्र सढळ नव्हे: फंक्शनच्या अंगात रिटर्नचे एकच वाक्य असावे, लूप नसावा, अशी अट होती, ती 2014 साली सैल झाली. तोवर ‘व्हॅल्यू’चे खण प्रमाण ग्रंथालयात इतके रुजले होते की ते उपटण्याचे धैर्य कोणास होईना. दोन प्रकार एकच आहेत काय, एवढे विचारायचे तरी ‘इज सेम’ लिहून पुढे दोनदा दोन बिंदू आणि ‘व्हॅल्यू’ हे शेपूट जोडावे लागे. अखेर 2017 साली समितीने जनतेच्या हालअपेष्टांची दखल घेऊन, त्या शेपटाऐवजी नावाला एक अधोरेषा आणि ‘व्ही’ जोडले तरी चालेल, असे फर्मान काढले, आणि अर्जामागे पाच अक्षरांची सूट मंजूर झाली.