आमच्या स्कॅनरास, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून

श्री. स्कॅनरराव यांस,
मुक्काम सेक्रेटरीच्या टेबलाचा डावा कोपरा, मुलुंड पूर्व.

विषय: हजर असूनही गैरहजर राहिल्याबाबत.

स. न. वि. वि.

डीम्ड कन्व्हेयन्सच्या, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या, फायलीसाठी चोवीस सभासदांची शेअर सर्टिफिकेटं स्कॅन करायची आहेत. तीन रविवार मी आपल्यासमोर बसलोय. आपला दिवा लागतो, आत काहीतरी खर्रकन सरकतं आणि कॉम्प्युटर म्हणतो, स्कॅनर सापडला नाही. वर म्हणतो, तुमची काही वेगळी अपेक्षा असेल तर वायर आणि बटण तपासा. अहो, स्कॅनर शोधायला सांगितल्यावर माझी वेगळी काय अपेक्षा असणार? बिल्डरची सही?

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, हा गुन्हा कबूल. पण ‘एलएसयूएसबी’ टाइप केलं की वायरने जोडलेल्या यंत्रांच्या यादीत आपण दिसता: कंपनीचा चार अक्षरी नंबर, विसर्गासारखे दोन ठिपके, मग मॉडेलचा नंबर. म्हणजे गेटातून आत आलात हे नक्की. तरी ‘सेन’ला, लिनक्समध्ये स्कॅनरशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला, आपण दिसेनात. त्याचं पूर्ण नाव ‘स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी’. यातलं ‘नाऊ’ कोणत्या रविवारी, तेवढं कळवावं.

चिडून स्कॅनर शोधायची तीच आज्ञा ‘सुडो’ लावून, म्हणजे पूर्ण अधिकारात, दिली, तर आपण नाव-मॉडेलसकट हजर! तेव्हा उमगलं, घोळ वॉचमनचा आहे. त्याचं नाव ‘यूडेव्ह’. वायर लावली की तो पाहुण्याचा नंबर वहीत शोधतो. सापडला तर लॉगिन केलेल्या माणसाची गाठ घालून देतो. नाही तर पाहुण्याला फक्त चेअरमन, म्हणजे ‘रूट’, भेटू शकतो. आपला नंबर वहीत नव्हता.

मी समजत होतो, स्कॅनर ‘आपोआप’ ओळखला जातो. कसलं आपोआप! कुणीतरी कुठेतरी, बहुधा फुकटात, स्वतःच्या टेबलावरच्या यंत्राचा नंबर त्या वहीत चढवलेला असतो. आपल्या मॉडेलचा असा कुणी वाली निघाला नाही.

हल्लीचे वायफायवाले बरे. भाजीवाल्यासारखी नेटवर्कवर स्वतःच आरोळी ठोकतात, ‘सेन-एअरस्कॅन’ ती ऐकतं, वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. (फायरवॉलने ५३५३ नंबरची खिडकी लावून घेतली असेल तर मात्र गल्लीत कितीही ओरडा.) आपण जुन्या वळणाचे, ओळख करून दिल्याशिवाय तोंड न उघडणारे.

शेवटी काल मीच एका ओळीचा नियम लिहिला: हा नंबर आला की सेक्रेटरीला भेटू द्या. वॉचमनला वही पुन्हा वाचायला लावली, वायर काढून परत खुपसली आणि आपण सुडोशिवाय प्रकट झालात. पहिलं सर्टिफिकेट स्कॅन झालंही. फक्त काचेवर तीन रविवारांचे माझ्या बोटांचे ठसे होते, ते नेमके चेअरमनसाहेबांच्या सहीवर उमटलेत.

उरलेल्या तेवीस सर्टिफिकेटांसाठी येत्या रविवारी सकाळी दहाला हजर राहावे. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.

कळावे,
मानद सेक्रेटरी