सेफ्टी व्हॉल्व्ह यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. सेफ्टी व्हॉल्व्ह,
मूळ मुक्काम : गॅससाठ्याची विहीर एसएस-२५, ॲलिसो कॅनियन, लॉस एंजेलिस.
हल्लीचा पत्ता : बहुधा भंगारात.

स. न. वि. वि.

आपण १९७९ साली सेवानिवृत्त झालात. कारण काय, तर गळती थांबवण्यासाठी नेमलेले आपण स्वतःच गळत होतात. छत्री गळते म्हणून टाकून दिली, इथवर ठीक. पण नवी घ्यायची राहिली ती ३६ वर्षं! म्हणे जुन्या मॉडेलचा पार्ट सहज मिळेना. शिवाय विहीर घरांपासून लांब, त्यामुळे नियमाची सक्तीही नव्हती. गॅसने फूटपट्टीचा मान राखावा, एवढीच काय ती अपेक्षा.

२३ ऑक्टोबर २०१५ला गळती उघडकीस आली. जमिनीखाली जवळपास ९०० फुटांवर ७ इंची पाइप बाहेरून गंजून फाटला होता. वरून जड चिखल ओतून विहीर बुजवायचा सात वेळा प्रयत्न झाला, सातही फसले. शेवटी शेजारून दुसरी विहीर खणून फेब्रुवारीत गळकी विहीर तळाकडून बुजवली. तोवर सुमारे ९७,००० टन मिथेन आभाळाला अर्पण.

पायथ्याच्या पोर्टर रँचमध्ये लोकांची डोकी दुखली, नाकातून रक्त आलं, हजारो कुटुंबं घरं सोडून गेली. गळती कळली, तीही गॅसमध्ये मुद्दाम कालवलेल्या वासाच्या द्रव्यामुळे. मिथेनला ना वास, ना रंग. डिसेंबरात इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहिलं, तेव्हा डोंगरमाथ्यावरून काळाकुट्ट लोट उसळताना दिसला. नुसत्या डोळ्यांना तिथे निळं आकाशच दिसत होतं.

आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला, तेव्हा फिटर पोरगा प्रत्येक सांध्याला ब्रशने साबणाचा फेस फासून, बुडबुडा येतो का बघत उकिडवा बसला होता. एका शेगडीसाठी. हजारो मैलांच्या पाइपांना फेस कोण फासणार?

‘कोळशाच्या निम्मंच प्रदूषण’ असं गॅसचं कौतुक आपणही ऐकलं असेल. ते गॅस जाळल्यावर. न जळता निसटला, तर पहिल्या वीस वर्षांत तोच मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. २०१८च्या एका अभ्यासात अमेरिकेतली गळती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली. सरकारी आकड्याहून सुमारे ६० टक्के जास्त. शंभरात सव्वादोन म्हणजे दूधवालाही हसून सोडून देईल. पण वीस वर्षांच्या हिशेबात हे सव्वादोन पृथ्वी तापवण्यात, उरलेल्या सगळ्या जळलेल्या गॅसच्या जवळपास बरोबरीला येतात. म्हणजे कोळशावरची बरीचशी आघाडी वाटेतच सांडली, आणि बिलात तिचा उल्लेखही नाही.

आपली उणीव फार जाणवली. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गॅसग्राहक

ता. क. : पार्ट मिळत नाही, हे कारण मात्र पटलं नाही. एकदा आमच्या पुण्याच्या जुन्या बाजारात विचारायचं होतं.