गालावरचा दुष्काळ

पुतणीच्या लग्नात अक्षता पडून झाल्या आणि फोटोवाल्याने आम्हा काका-काकूंना पुढे बोलावलं. उभे राहतोय तोवर आमच्या हिने पदराचं टोक ओलं केलं आणि चारशे लोकांसमोर माझ्या गालावरून फिरवलं. "अहो, पावडर किती थापलीत? नीट पसरायची तरी!" मी पावडर लावली नव्हती. कॉलेज सुटल्यापासून लावलेली नाही. ते जे काही पांढरं होतं, ते माझं स्वतःचं होतं.

घरी येऊन आरशात पाहिलं. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा चढतो आणि चुन्याचे पोपडे सुटायला लागतात, तशी गालांची अवस्था. जानेवारीतलं पुणं. हसायला गेलं की गाल आधी 'नको' म्हणत आणि मग नाइलाजाने हसत.

माझ्या पिढीच्या पुरुषांचं चेहऱ्याविषयीचं शिक्षण दोन धड्यांत आटोपलं आहे. पहिला धडा साबण. तोही वेगळा नाही. जो टाचांना, तोच तोंडाला. शिवाय अंघोळीचं पाणी असं हवं की पहिला तांब्या घेतल्यावर तोंडातून देवाचं नाव निघालं पाहिजे. दुसरा धडा तुरटी. ती वडिलांकडून माझ्याकडे आली. दाढी झाली की ओला खडा दोन्ही गालांवर फिरवायचा, चरचरलं की समजायचं, स्वच्छ झालो. तुरटीने रक्त थांबतं ते ती कातडीला आकसून घेते म्हणून. म्हणजे मुळातच ओढलेल्या गालांना मी चाळीस वर्षं रोज सकाळी आणखी आवळत होतो, आणि वर खडा धुऊन जपून डबीत ठेवत होतो.

मुलगी बंगळूरला असते. फोनवर माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, तू सीरम लाव."

पुणेकराला सीरम म्हटलं की हडपसरची ती लशींची कंपनी आठवते आणि बाही आपोआप वर जाते. किंवा रक्ततपासणीच्या कागदावरचं 'सीरम क्रिएटिनिन'. हे तोंडाला लावायचं? मी शब्दकोश काढला. नोकरीत असताना अडचण आली की फाईल काढायचो, आता शब्दकोश काढतो. सीरम हा लॅटिन शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ निवळी. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे फडक्यात दही टांगतात आणि खालच्या पातेल्यात जे पिवळट पाणी ठिबकत राहतं, ते सीरम! आमची ही ते कणकेत घालते, उरलं तर कढीपत्त्याच्या कुंडीत. दुकानातल्या बाटलीत अर्थात दह्याचं पाणी नसतं. पण पाणी धरून ठेवायला आपली कातडी स्वतःच जे पदार्थ बाळगते त्यांत लॅक्टिक ॲसिडचे क्षारही असतात, आणि ते निवळीतही असतात, हे वाचल्यावर मी त्या पातेल्याकडे जरा आदराने पाहू लागलो. हिला ही बातमी दिली तर ती म्हणाली, "आणा तोंड इकडे." मी नेलं नाही.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने अदबीने विचारलं, "सर, स्किन ड्राय आहे की डिहायड्रेटेड?" मला वाटलं, ही मला वरणभात हवा की आमटीभात असं विचारते आहे. पण तिचा प्रश्न खरा होता. ड्राय म्हणजे कातडीत तेल कमी, आणि ते बहुधा जन्माचं. डिहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी. ते तेलकट चेहऱ्याचंही होऊ शकतं, वर तकाकी आणि आतून ओढ. मराठीत आपण दोन्हीला 'कोरडी' म्हणून मोकळे होतो. दुष्काळाच्या बाबतीत मात्र आपण काटेकोर आहोत: कोरडा दुष्काळ वेगळा, ओला दुष्काळ वेगळा. गालांनाही तोच नियम लावायला हरकत नव्हती. माझं खातं दोन्हीकडे थकलेलं निघालं.

फळीवर बाटल्याच बाटल्या. सगळ्या ३० मिलीच्या, सगळ्यांना डोळ्यांत थेंब घालायच्या नळीसारखी नळी, आणि जवळजवळ प्रत्येकीवर ॲसिड. ॲसिड म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मोरीच्या फरशा येतात. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, ॲस्कॉर्बिक. त्यातलं पहिलं मुरुमांच्या तेलकट चेहऱ्यासाठी, दुसरं वरचा थर खरवडायला, तिसरं म्हणजे आपलं आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व. माझ्यासाठी चौथं होतं, हायलुरॉनिक. चष्मा घरी राहिला होता. मी समोर मोठ्या अक्षरांत 'हायड्रेटिंग' लिहिलेली निळी बाटली उचलली, वासही चांगला होता, साडेपाचशे रुपये दिले आणि आलो.

रात्री लावलं. दाढीच्या जागी अशी काही आग झाली की तुरटी मायाळू वाटली. सकाळी गाल लाल. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, तर यादीत पाण्यानंतर लगेच अल्कोहोल आणि शेवटाला सुगंध. ते सटकन उडून जाणारं स्पिरिटसारखं अल्कोहोल. जाताना कातडी आणखी कोरडी करून जातं. यादीचा नियम असा की जे जास्त ते आधी, जे कमी ते नंतर. एक टक्क्याच्या आतलं शेवटी कसंही. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेतही हाच नियम असतो. समोर ज्याचं नाव ठळक, ते हायलुरॉनिक, या यादीत सुगंधाच्या शेजारी आपलं अंग चोरून बसलं होतं.

मुलगी म्हणाली, "आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं असतं, बाबा." मग तिनेच दुसरी बाटली पाठवली: बिनवासाची, बिनअल्कोहोलची, साडेचारशेची.

या हायलुरॉनिकचं मात्र मला कौतुक वाटतं. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून पहिल्यांदा वेगळं काढलं. ग्रीकमध्ये काचेला 'हायलोस' म्हणतात, नाव तिथून आलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले. आता बहुतेक जिवाणूंकडून आंबवून घेतात. आपल्या अंगातही ते असतंच: सांध्यांत, डोळ्यांत, कातडीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं ते याचंच. एकाच सोसायटीत एकच द्रव्य तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यात आणि पहिल्या मजल्यावर गालावर. गुडघ्याला ते फार महाग पडलं, एवढं आजोबांनी जिन्यात सांगितलं.

जाहिरातीत म्हणतात, हे आपल्या वजनाच्या हजारपट पाणी धरतं. माझा जन्म हिशेबतपासणीत गेला, मी कागद घेतला. बाटलीत दोन टक्के धरलं, एका वेळचे तीन थेंब धरले, तर गालावर तीन मिलिग्रॅम जातं. हजारपट म्हणजे तीन मिली पाणी, औषधाचा अर्ध्याहून जास्त चमचा. एवढं पाणी गालांवर धरलं असतं तर ओघळून सदऱ्यावर आलं असतं. सदरा कोरडा राहिला. हे रेणू इतके मोठे असतात की त्यातले बहुतेक कातडीच्या वरच बसतात, आत शिरत नाहीत. वर बसून ते ओल धरतात, एवढं काम पुरे आहे. हजाराचा आकडा मी मनावर घेतला नाही.

खरी गंमत या नव्या बाटलीच्या यादीतल्या दुसऱ्या नावात होती. पाण्यानंतर ग्लिसरीन. मग मला छंदच लागला. हिची क्रीम, मुलीची क्रीम, दुकानातल्या दीड हजाराच्या बाटल्या, सगळ्यांच्या पाठी मी वाचल्या. बहुतेकींत पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन. शेले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाला ते १७७९ साली सापडलं. ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं, उरलेलं पाणी गोड लागलं. आमच्या लहानपणी थंडीत औषधाच्या दुकानातून त्याची चपटी बाटली यायची आणि आई त्यात गुलाबपाणी घालायची. नुसतं लावलं तर चिकट आणि उलट ओढ बसते, हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. आम्ही मात्र संधी मिळाली की ओठांवरचं चाटायचो.

एवढं सगळं कळूनही दुसऱ्या बाटलीने पहिल्या आठवड्यात माझा पापड केला. अंघोळ करून, तोंड खसाखसा पुसून, पेपर वाचून झाला की निवांत लावायचो. दहा मिनिटं गाल गुळगुळीत, मग पुन्हा ढोलकीचं कातडं ओढल्यासारखे. मुलीला फोन केला.

"वर काही लावलंस?"

"वर लावायचं असतं?"

ती हसली तशी मला माझी आई आठवली.

आई रत्नागिरीकडची. लग्न होऊन पुण्यात आली आणि पहिल्याच थंडीत म्हणाली, इथली हवाच अंग ओढते. बरोबरच होतं तिचं. ग्लिसरीन काय, हायलुरॉनिक काय, ही पाणी ओढणारी माणसं. कोकणात हवेतच पाणी, ती तिथून घेतात. पुण्याच्या जानेवारीत हवेत घ्यायला काही नसलं की ती खालून, आपल्याच कातडीतून उपसा करतात, आणि ते वाऱ्यावर उडून जातं. म्हणून आधी तोंड ओलं हवं आणि नंतर वर झाकण. आईच्या झाकणाचं नाव मुठेल. रातांब्याच्या बियांचं तेल, मुठीत वळलेले त्याचे पांढरट गोळे मामा दर दिवाळीत आणायचा. न्हाणीघरातून बाहेर येणाऱ्या मुलाला दारातच धरायचं, गोळा निखाऱ्यावर जरासा धरायचा, आणि पाय पुसायच्या आत चोळायचा. "पुसू नको रे मेल्या," हे वाक्य 'लादी ओली करू नको'च्या बरोबर उलट कसं काय, असं मला वाटायचं. आता उलगडा झाला. पाणी निथळत असताना वर तेल बसलं की पाणी आतच.

कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरात मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर असतात. पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना सिरॅमाइड, स्निग्धाम्लं आणि कोलेस्टेरॉल यांचा. कोलेस्टेरॉल! ज्याच्या नावाने डॉक्टर मला रोज रात्री एक गोळी देतात, ते गालांत कमी पडलंय म्हणून मी ते क्रीममधून विकत आणतो. वय झालं, थंडी आली, कढत पाणी आणि साबण रोज झाला, की हा चुना झडतो. वाड्याच्या भिंतीची उपमा मी सहज दिली होती, ती एवढी लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

तर आता असं चालतं. कोमट पाणी (हा त्याग मोठा आहे, नोंद व्हावी). तोंड टॉवेलने नुसतं टिपायचं. ओल असतानाच तीन थेंब, आणि लगेच वर सिरॅमाइडची साधी क्रीम. क्रीम संपली होती त्या आठवड्यात मुठेल वितळवून लावलं. गाल मऊ झाले, फक्त दिवसभर सोलकढीची आठवण येत राहिली. पोपडे फेब्रुवारीतच गेले. सुरकुत्या आहेत तिथेच आहेत; त्यांच्याविषयी बाटली काय म्हणते ते मी वाचत नाही. तुरटी पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायला ठेवली आहे, तिचं मूळ काम तेच.

एक हिशेब जुळत नाही. ३० मिली म्हणजे साधारण सहाशे थेंब. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा, म्हणजे बाटली शंभर दिवस जायला हवी. ती एकेचाळिसाव्या दिवशी संपली. 'आणा तोंड इकडे' म्हणणारीचे गाल हल्ली छान दिसतात. मी काही विचारलेलं नाही. हिशेबतपासणीसाने कधी थांबायचं हेही नोकरीत शिकलो.

उद्या नवी बाटली आणायला जायचं आहे. तुम्हीही जाणार असाल तर एवढंच करा, निघताना चष्मा घ्या आणि बाटली आधी उलटी फिरवा.