किरकोळ दुरुस्ती

म्हाताऱ्या काँक्रीटची एक खोड असते. वरून ते वर्षागणिक टणक होत जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, सिमेंटातल्या चुन्याशी त्याची सोयरीक जमते आणि बाहेरचा थर घट्ट होतो. आता त्यावर रिबाउंड हॅमर टेकवा. हे हातात मावणारं स्प्रिंगचं अवजार. दांडा दाबत नेला की आतलं वजन सुटून आपटतं, उसळून मागे येतं आणि किती उसळलं त्याचा आकडा दिसतो. पृष्ठभाग टणक म्हणून उसळी मोठी, उसळी मोठी म्हणून अहवालात ताकद मोठी. पन्नाशी उलटलेला पूल कागदावर पहिलवान.

गोम पुढेच आहे. त्याच कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता खाल्लेली असते आणि सळईला गंजापासून राखत होती ती नेमकी ही क्षारता. ज्या कारणाने आकडा चढला, त्याच कारणाने आत सळई निराधार झाली. हे गुपित नाही. 1992च्या भारतीय मानकातच छापलंय की असा थर चढलेल्या काँक्रीटची ताकद टोकाच्या वेळी 50 टक्क्यांपर्यंत फुगून दिसू शकते. खात्री करून घ्यायला शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन पुरतं. टिचभर काँक्रीट फोडायचं, ताज्या भागावर ते शिंपडायचं. गुलाबी झालं तर ठीक. रंग नाहीच आला, तर तिथली क्षारता गेली. पण टेंडर निघालेलं असतं ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह’ टेस्टचं, मग टिचभर तरी कसं फोडणार? नियम म्हणजे नियम.

दुसरी लाडकी चाचणी अल्ट्रासॉनिक पल्सची. एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूने पकडायची. 2018पर्यंतच्या भारतीय मानकात ती सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर गेली तर काँक्रीट ‘उत्कृष्ट’ ठरायचं, साडेतीनच्या वर ‘चांगलं’, तीनच्या वर ‘मध्यम’. आणि त्याखाली? ‘शंकास्पद’. त्याखाली काही नव्हतं. सेवा पुस्तकातल्या गोपनीय शेऱ्यांची सवय असलेल्या माणसांनीच ही श्रेणी आखली असावी, असा मला दाट संशय आहे.

सळईचीच नाडी बघायची तर हाफ-सेल चाचणी आहे. मोरचुदाच्या द्रावणातलं तांब्याचं इलेक्ट्रोड काँक्रीटवर टेकवायचं, व्होल्टमीटरची दुसरी तार सळईला जोडायची. उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली काटा गेला तर आत गंज सुरू असल्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. चाचणी गुणाची, पण तार जोडायला एका जागी सळई उघडी करावी लागते. पुन्हा तेच, फोडाफोडी!

जमिनीखालचं बघणारं रडार आता काँक्रीटच्या आतही बघतं आणि सादरीकरणात ते फार देखणं दिसतं. सळया कुठे, किती खोल, सगळं रंगीत. फक्त प्रीस्ट्रेस्ड पुलातल्या ताणलेल्या तारा धातूच्या नळीत असतील तर रडार नळीपाशी थांबतं. आतली तार शाबूत की सडलेली, हे त्याला दिसत नाही. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल अशाच ताणलेल्या तारांवर उभा होता. सत्तरच्या सुमारास तो वाहतुकीला खुला झाला आणि 5 जुलै 1986ला कोसळला. कारणांत तारांचा गंज वरच्या क्रमांकावर होता. खाडीचं खारं वारं टेंडर वाचून येत नाही.

म्हणून यंत्रं टाकाऊ, असं कुणी म्हणू नये. रिबाउंड हॅमर, पल्स, हाफ-सेल एकमेकांना ताडून वापरले तर पुलाची बरीचशी कुंडली कळते. पण यंत्र विचाराल तिथलंच सांगतं आणि विचारायचं कुठे, हे आपल्याकडे शिडीची उंची ठरवते. खांबाचा बुंधा तपासून होतो, कारण तिथे सावली असते. बेअरिंगपाशी, एक्स्पान्शन जॉइंटच्या खाली, जिथे पावसाळ्यानंतरही महिनाभर पाणी ठिबकतं आणि छताला पोपडे धरतात, तिथे पोचायला नदीवर लोंबणारी गाडी लागते. ती गाडी ‘मागवली आहे’.

मग उरतं ते डोळ्यांनी पाहणं. 14 मार्च 2019ला संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीबाहेरच्या हिमालय पुलाचा स्लॅब भर रस्त्यावर आला आणि सात माणसं गेली. सिग्नल लाल होता म्हणून खाली गाड्या कमी होत्या, नाहीतर मोजदाद वेगळी असती. या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधीच झालेलं होतं. शेरा काय, तर वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्ती करावी. त्या संध्याकाळी ऑडिटपेक्षा सिग्नलने जास्त जीव वाचवले. दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या चौकशीने ऑडिटवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. आपल्याकडे सगळ्यात चपळ तपासणी ही तपासणीचीच असते.

त्याहून स्वस्त तंत्रज्ञान म्हणजे फलक. ‘पूल धोकादायक आहे.’ ना बॅटरी, ना कॅलिब्रेशन. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या लोखंडी पुलापाशी असा फलक होता. 15 जून 2025च्या रविवारी पूल पडला, चार जण गेले.

जपानात 2 डिसेंबर 2012ला सासागो बोगद्यातले छताचे स्लॅब गाड्यांवर पडून नऊ जण मेले. ते धरून ठेवणाऱ्या बोल्टांना बरीच वर्षं कुणी हातोडीने ठोकून पाहिलंच नव्हतं, नुसतं खालून बघितलं होतं. पुढे 2014पासून नियम झाला की प्रत्येक पूल आणि बोगदा दर पाच वर्षांनी, हात पोचेल इतक्या जवळ जाऊन तपासायचा. गरज पडेल तिथे ठोकून आवाज ऐकायचा. ड्रोन, रडार, सेन्सर बनवणाऱ्या देशाने आधी माणसाला पुलाच्या पोटाखाली पाठवलं.

हात पोचेल इतक्या जवळ आपणही जातो. कठड्यापर्यंत. मंत्र्यांचा दौरा ठरला की त्याला काळा-पिवळा रंग काढतो, आणि जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर त्यांच्यावरूनच.