चोराने केलेली डागडुजी

संकेतस्थळाचे लोकार्पण हा आपल्या संस्थाजीवनातील एक मंगल विधी असून त्यासाठी श्रीफळ, समई, कळ दाबणारे प्रमुख पाहुणे आणि ती कळ नेमकी कुठे आहे हे त्यांना दाखवणारा एक तरुण एवढी सामग्री पुरते. लोकार्पणानंतर त्या स्थळाचे काय करावे, याचा विधी मात्र कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही. आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे प्रोग्रामिंग न येणाऱ्या लिपिकालाही मजकूर आणि छायाचित्रे चढवता यावीत म्हणून रचलेले ड्रुपल किंवा वर्डप्रेससारखे सॉफ्टवेअर, सतत दुरुस्त होत राहते, ही गोष्ट संस्थाचालकांच्या पचनी पडत नाही, कारण बसवलेल्या कोनशिलेची पुढची आवृत्ती निघाल्याचे त्यांच्या ऐकिवात नसते.

या समजुतीची सर्वांत कठोर परीक्षा 15 ऑक्टोबर 2014 रोजी झाली. महाराष्ट्रात त्या दिवशी विधानसभेचे मतदान होते आणि रात्री साडेनऊच्या सुमारास, राज्य बोटावरची शाई मिरवत अंदाज बांधण्यात गढलेले असताना, ड्रुपलच्या सुरक्षा चमूने एक इशारा आणि त्यासोबत 7.32 ही आवृत्ती प्रसिद्ध केली. सापडलेला दोष ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या जातीचा होता, म्हणजे अभ्यागताने माहितीच्या जागी डेटाबेसला द्यायचा हुकूमच पाठवावा आणि डेटाबेसने तो निमूटपणे पाळावा. असे हुकूम अडवण्यासाठी जो भाग लिहिलेला होता, नेमका त्यातच तो दोष निघाला. चौकशी समितीच्या चौकशीसाठी समिती नेमणाऱ्या प्रदेशाला याचे फारसे नवल वाटू नये. इलाज जवळजवळ एका ओळीचा होता. पंधरवड्याने, 29 ऑक्टोबरला, त्याच चमूने जाहीर केले की पहिल्या इशाऱ्यानंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपल्या ड्रुपल 7 स्थळात शिरकाव झालाच आहे असे धरून चालावे. ही मुदत भारतात 16 तारखेच्या पहाटे साडेचारला संपत होती, आणि त्या वेळी कार्यालयाचे कुलूपसुद्धा उघडलेले नसते.

अर्थात उघडले असते तरी काय झाले असते? प्रस्ताव, तीन दरपत्रके, लेखा विभागाचा अभिप्राय आणि ‘स्थळ सुस्थितीत चालू असताना त्यास हात लावण्याचे प्रयोजन काय’ ही टिप्पणी, एवढ्या प्रवासाला सात तास म्हणजे थट्टाच. त्या टिप्पणीत तथ्य अजिबात नाही असेही नाही, कारण नवी आवृत्ती चढवताच जुनी जोडसॉफ्टवेअरे मोडू शकतात. म्हणूनच जाणकार आधी स्थळाच्या प्रतीवर चाचणी घेतात आणि बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचा फायदा एवढाच की दोन्ही एकाच वेळी गेल्यामुळे शोधाशोध वाचते. वेगाविषयी तर बोलायलाच नको: तयार झालेले पान साठवून पुढच्या वाचकाला तेच देणारी ‘कॅश’ची सोय बहुतेक प्रणालींत असते, पण मुखपृष्ठावर अध्यक्षांची छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच, मूळ आकारात विराजमान असल्यावर ती बिचारी किती धावणार?

29 ऑक्टोबरच्या त्या निवेदनातील सर्वांत बोधप्रद भाग वेगळाच होता. स्थळ दुरुस्त झालेले दिसत असेल आणि ती दुरुस्ती आपण केलेली नसेल, तर ते शिरकावाचे लक्षण असू शकते, असे त्यात बजावले होते. काही हल्लेखोरांनी आत शिरल्यावर, दुसरा कोणी मागोमाग येऊ नये म्हणून, भगदाड स्वतःच बुजवले होते. दरपत्रक न मागवता, अग्रिम न घेता आणि मुदतवाढ न मागता देखभाल करणारा हा वर्ग आपल्यासाठी चोरदरवाजा, म्हणजे पुढे केव्हाही गुपचूप परतण्याची सोय, मागे ठेवू शकत असल्यामुळे नुसती नवी आवृत्ती चढवून भागत नाही आणि 15 ऑक्टोबरपूर्वीच्या बॅकअपवरून स्थळ पुन्हा उभारावे लागते. वार्षिक देखभाल कराराच्या तपासणी तक्त्यात मात्र ‘आवृत्ती अद्ययावत आहे काय’ एवढाच रकाना असतो. त्यात ‘होय’ भरले जाते आणि ठेकेदाराचे त्या महिन्याचे बिल विनातक्रार मंजूर होते.