उतारा आणि उतार

पावसाळ्यात मावळात दोन पिकं जोमात येतात. खाचरात इंद्रायणी भात आणि रस्त्याकडेला प्लॉटिंगचे फलक. फलकावर लिहिलेलं असतं, 'निसर्गाच्या कुशीत'. कूस म्हणजे डोंगराचा उतार, हे लोणावळ्यापर्यंत आलेल्या मुंबईकर साहेबांना गाडी हँडब्रेकवर लावताना कळतं.

तेवढ्यात एजंट कानाशी लागतो. "सातबाऱ्यावर चाळीस गुंठे आहेत साहेब, पण डोंगर आहे ना, चालायला सेहेचाळीस भरतात. वरचे सहा फुकट!"

गणित चुकलेलं नाही. ३० अंशांच्या उतारावर एका एकराचा पृष्ठभाग ४६ गुंठ्यांच्या आसपास भरतो, ४५ अंशांवर ५६च्या पुढे. नागफणीच्या उभ्या कड्याला तर नकाशात जवळजवळ क्षेत्रफळच नाही. एजंटच्या हिशोबाने तालुक्यातला सर्वांत स्वस्त सौदा तोच.

सरकारदरबारी मात्र डोंगर नसतोच. क्षेत्र धरायचं ते आडवं, सूर्य डोक्यावर असताना खाली पडणाऱ्या सावलीएवढं. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज साहेबांनी १८३०च्या दशकात पुणे जिल्ह्यात जमाबंदी सुरू केली ती इंदापुरात, सपाटीवर. शहाणे होते. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची; एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. मावळात ती ताणायची तर एक टोक जमिनीला, दुसरं छातीपर्यंत उचललेलं, त्यातून ओळंबा सोडायचा आणि जिना उतरल्यासारखं पायरीपायरीने खाली यायचं. आता भूकरमापकाच्या हाती रोव्हर आहे. तो थेट उपग्रहाला विचारतो, आणि सातबाऱ्यावर चढतं ते क्षेत्र तरीही आडवंच.

यात खडूसपणा काही नाही. झाड उभं वाढतं, घराची फरशी सपाट लागते, पर्जन्यमापकाचं तोंडही आडवंच असतं. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर नियमाने बांधकाम होत नाही, आणि तेवढ्या उतारावर एकरामागे फरक निघतो जेमतेम पाऊण गुंठा. थोडक्यात, बंगला होतो तिथे फुकटचे गुंठे नाहीत, आणि फुकटचे गुंठे आहेत तिथे बंगला होत नाही.

हे साहेबांना खरेदीखतानंतर कळतं. मग येतो कंपाउंडवाला. चौकोनी एकराची बाजू नकाशात २०९ फूट. ३० अंशांच्या चढावर तारेला २४१ लागतात. जुन्या मापाने जवळजवळ एक साखळी जास्त, आणि अशा बाजू दोन. तो टेप दगडांवरून, करवंदीच्या जाळ्यांतून ओढत नेतो आणि बिल चढासकट लावतो. साहेब मोजणीची क प्रत त्याच्यापुढे धरतात.

"कागद तुमचा," तो म्हणतो, "तार माझी."