गोठ्यातले तात्या

कोकणात आता गोठे रिकामे झाले आहेत. गुरं विकली, राखणारे मुंबईला गेले, आणि उरलेल्या गोठ्याचं करायचं काय, या प्रश्नाला वाडीने शोधलेलं उत्तर म्हणजे तात्या. असे तात्या प्रत्येक वाडीत असतात. निवृत्त होऊन गावी येतात, हाताशी फंडाचे पैसे असतात, आणि मृगाच्या आत त्यांच्या गोठ्यात पॉवर टिलर, ग्रासकटर, डिझेल पंप आणि कलमांवर फवारायचा एचटीपी पंप बांधलेला असतो. होय, बांधलेला. दाव्याऐवजी साखळी, एवढाच फरक.

यंत्र घेणं ही नुसती सुरुवात. खरं काम ते ठेवण्याचं. जांभ्याच्या भिंतीला ओल येते, म्हणून टिलर भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर. प्लास्टिक वरून टाकायचं, गुंडाळायचं नाही. गुंडाळलं की आत घाम धरतो. ग्रासकटर गव्हाणीत. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. त्या चिंधीला पुठ्ठ्याची पाटी: ‘आधी मला काढा’.

पेट्रोलवर तात्यांचं स्वतंत्र व्याख्यान आहे. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाला बसतं आणि कार्बोरेटर गंजतो. म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मग प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडायचं आणि दोरी हळूच ओढायची. (चमचा काकूंचा. तो परत स्वयंपाकघरात जात नाही.) डिझेलचं उलट, ती टाकी काठोकाठ भरायची, रिकाम्या जागेत दव धरतं. वैताग याचा येतो की तात्या सांगतात ते सगळं बरोबर असतं.

पेट्रोलच्या कॅनचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. गोठ्याच्या माळ्यावर पेंढा, न्हाणीत चूल, ओटीवर आल्यागेल्याच्या विड्या, आणि देवघरात काकू ठेवू देत नाहीत. सबब कॅन सुरक्षित आहे, कारण तो रिकामा आहे.

मग चिखलणी येते. तात्या पहाटे गोठ्यात शिरतात. प्लास्टिक निघतं, घडी होते. साखळीची किल्ली सापडते. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात टोकापासून टोकापर्यंत पाहिलं जातं. चिखल टिलरच्या कुठकुठल्या फटीत जाईल याचा विचार करत तात्या चहा घेतात. तोवर शेजाऱ्याने भाड्याचा टिलर आणून दोन कुणगे उरकलेले असतात. दुपारी तोच टिलर तात्यांच्या शेतात उतरतो. तात्या बांधावर उभे राहून त्याच्या मालकाला, तो रात्री कुठे ठेवतोस, असं विचारतात.

दसऱ्यानंतर शेजारचा पोरगा येतो.

“तात्या, ग्रासकटर द्या की. कलमांखालचं रान मारायचंय.”

तात्या नाही म्हणत नाहीत. तो त्यांचा स्वभाव नाही. ते परीक्षा घेतात. “लिटरला ऑइल किती घालशील?”

“चाळीस मिली.”

“आधी काय काढशील?”

“चिंधी.”

पोरगा पास होतो. तात्या स्वतः ग्रासकटर गव्हाणीतून उचलतात, फडक्याने पुसतात, पोराच्या खांद्यावर पट्टा चढवून त्याची लांबी जुळवतात आणि दारापर्यंत पोचवायला जातात.

“ने,” ते म्हणतात. “फक्त गवताला लावू नको. ओलं आहे.”